होडीखालची सरळ रेघ

मासे शोधायची यंत्रं बसवण्यात मिस्त्रींचा हात कुणी धरू शकत नसे. त्यांनी कधी कुणाच्या गळ्यात मोठा स्क्रीन मारला नाही. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याला आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खालचं दाखवणारं साधं सोनार यंत्र पुरे, बाकी सगळा थाट. यंत्र बसवलं की ते आधी पडद्यावरची माशांची गोंडस चित्रं बंद करत. "चित्रं बघायला घरी टीव्ही आहे," ते म्हणायचे. "यंत्र खोटं बोलत नाही, बघणारा चुकतो."

आजचं गिऱ्हाईक, दोघा भावांतला धाकटा, मात्र हसला नाही. त्याचा थोरला भाऊ मागच्या हंगामात समोरच्या खडकांपाशी बुडाला होता, तो सापडलाच नव्हता. धाकट्याला मासळी नकोच होती. भाऊ सापडला, तर उंबऱ्यावर वाटेकडे डोळे लावून बसलेली आई निदान उठून आत येईल, एवढीच त्याची आशा होती.

उन्हं कलताना होडी खडकांजवळ पोचली. खालून मासा गेला की पडद्यावर कमान उमटते, हे मिस्त्री दाखवत होते, तेवढ्यात एक सरळ रेघ सुरू झाली.

"होडी का थांबवलीस? दोघंही जागच्या जागी असले, होडी आणि मासा, की अशी रेघ येते."

"थांबवली नाही, मिस्त्री. चालूच आहे."

"मग दोर अडकला असेल."

त्यांनी होडीखाली वल्हं फिरवून पाहिलं. दोर नव्हता. सेन्सिटिव्हिटी कमी केली, तर कमानी पुसल्या गेल्या आणि रेघ तेवढी जाड झाली. पाण्याला ओल्या कपड्यांचा कुबट वास येत होता.

"दादा असाच यायचा... होडीखालून पोहत," धाकटा हळूच म्हणाला. "पाण्यात हात सोडला की धरायचा. आधी हलकेच... मग जोरात."

"सेन्सर बिघडलाय," मिस्त्री ठामपणे म्हणाले, आणि सगळं यंत्र सोडवून दुकानात घेऊन आले.

नेहमीच्या रीतीने त्यांनी सेन्सर पाण्याच्या बादलीत सोडला. एवढ्याशा पाण्यात खोलीचा आकडा नुसता लुकलुकतो, सेन्सर चालू आहे एवढंच कळतं. आज आकडा स्थिर होता. खडकांपाशी होता तोच. आणि मधोमध सरळ रेघ होती, सावकाश वर चढणारी.

"बघणारा चुकतो," मिस्त्री स्वतःलाच म्हणाले आणि वायर धरून सेन्सर वर ओढू लागले. तो येईना.

मग खालून कुणीतरी वायर ओढली. हलकेच.