पहिला घास कलेजीचा

बोर्ली पंचतनला बिल्किसच्या घरी बकरी ईदच्या सकाळी कुणी काही खात नसे. नमाज, कुर्बानी, आणि मग पहिला घास कलेजीचा. या ईदला तर जलीलने आधीपासूनच कलेजीचं तुणतुणं लावलं होतं. नवरा बरा झाला की आधी त्याची जीभ बरी होते.

बरं व्हायला त्याने स्वतः काही केलं नव्हतं. मस्कतहून कावीळ घेऊन आला, ती अंगावर काढली, बायको तपासणी कर म्हणाली की हा झाडपाला प्यायचा. यकृत चट्टे पडून दगड झालं तेव्हा बिल्किसनेच ओढत मुंबईला नेला. डॉक्टरांनी त्याच्याच कमरेच्या हाडातून स्टेम सेल काढून यकृतात सोडल्या. प्रयोगच आहे, पण चट्टे मोडतील बहुधा, म्हणाले. उजव्या बरगडीखाली कसं चाचपायचं तेही तिला शिकवलं: यकृत मऊ असलं की बोटं रुततात, कडक असलं की काठ लागतो.

"आनि हा कडकपना जातो कुठं?" तिने विचारलं होतं.

डॉक्टर हसले. "विरघळतो, काकू."

काठ खरंच गेला. जलील बाजारात मिरवू लागला, आणि नव्यानेच प्रेमळ झाला. लेक आफरा लहानपणी तापाने फणफणायची तेव्हा ज्या हाताला सवड नव्हती, तो हात आता दिवसभर ईदच्या बकऱ्याच्या उजव्या कुशीवर. बघून बिल्किसच्या अंगाचा तिळपापड होई.

ईदच्या सकाळी तिने कलेजी फळीवर घेतली. सुरी आत जाईना. फिकट, गाठीगाठींची, काठाला धार आलेली कलेजी. जोर लावला तेव्हा ती ओल्या वाळूसारखी करकरली.

ताट घेऊन ती ओटीवर आली. "बघा. वळखलंत?"

जलीलने नाक मुरडलं. "बकरा आजारी असंल. गंडवलं तुला कुनीतरी."

"घरात जन्मला तो."

"मग तुझाच राग बाधला." तो हसला आणि शेजारी बसलेल्या आफराकडे सरकला. नुकतेच दिवस गेलेली, विश्रांतीला माहेरी आलेली पोर. त्याचा हात तिच्या उजव्या कुशीकडे निघाला.

बिल्किसने ताट आपटलं. त्याचं मनगट धरलं.

"तिला न्हाय."

"अगो, लेक हाय माझी."

"आजवर सगळं माझ्या माथी मारलंत. हेबी माझ्यावरच मारा." तिने तो हात ओढून स्वतःच्या बरगडीखाली दाबून धरला. हात उबदार होता. अगदी निरोगी.

"याडी झालीस," जलील म्हणाला. "आनि आता पहिला घास कशाचा?"

आफराला हसू आलं. "ऱ्हाऊ दे ना, अम्मी. मी दुपारची निजले की अब्बा रोज ठेवतात हात. बरं वाटतं."

बिल्किसने जलीलचा हात सोडला. तिने आपली बोटं लेकीच्या उजव्या बरगडीखाली नेली आणि हलकेच दाबली.

रुतली नाहीत.