मागचा डावा स्पीकर

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि ज्या घरात घडलं ते घर आजही तिथंच आहे. वरचा मजला, जिन्याला लागून पहिलं दार.

आणि रात्र, अमावस्या असलं काही नव्हतं. भर दुपार होती. बाहेर लखलखीत ऊन पडलं होतं.

आमचे दाजी एका स्पीकर कंपनीचे फिटर. लोकांच्या घरी जाऊन होम थिएटर बसवायचं, स्पीकर भिंतीवर टांगायचे, आणि वॉरंटीत काही बिघडलं तर पुन्हा जाऊन बदलून द्यायचं, हे त्यांचं काम. माणूस नाकासमोर चालणारा. भुताखेतांना हसायचे, पण कंपनीचा मेल आला की हे जेवण सोडून आधी तो वाचायचे. यावरून आम्ही मेव्हणे मंडळी त्यांना फार चिडवायचो.

आता चिडवत नाही.

त्या घरात नवरा-बायको दोघंच राहत होते. साहेबांनी दार उघडलं आणि दाजींना थेट आतल्या खोलीत नेलं. खोली रिकामी, मधोमध एक नवा कोरा सोफा. एका कोपऱ्यात भिंतीचा रंग खरवडलेला. तिथं बरीच वर्षं छोटा पलंग लावलेला असणार, हे दाजींनी ओळखलं. भिंती बघण्यात तर त्यांचं आयुष्य गेलंय.

"लेकीची खोली होती," साहेब हळूच म्हणाले. "आजारपणात गेली. फार हाल झाले पोरीचे. तेव्हापासून ही दिवसभर इथंच बसून असते हो, भिंतीकडे बघत. म्हटलं, सिनेमे लावू, गाणी लावू. जरा माणसांत येईल."

वहिनी दारात उभ्या होत्या. नजर त्या खरवडलेल्या कोपऱ्यावर.

दाजींनी काम सुरू केलं. भोकं पाडली, ब्रॅकेट ठोकले, लेव्हल लावून एकेक स्पीकर टांगला. सगळ्यात शेवटी मागचा डावा. तो नेमका त्या पलंगाच्या जागेवर आला.

मग मापं घ्यायची वेळ आली. म्हणजे सोफ्यावर एक छोटा माइक ठेवायचा, सगळ्यांनी बाहेर जायचं, दार लावायचं. यंत्र प्रत्येक स्पीकरमधून आवाज सोडतं आणि खोली केवढी, कुठून किती ऐकू येतं ते स्वतःच मोजतं. खोलीत चिटपाखरू नको. पंखासुद्धा बंद.

दाजींनी दार लावलं आणि मोबाइलवर बघत उभे राहिले.

मोबाइलवर अक्षरं आली... "खोलीत आवाज येत आहे. कृपया शांतता राखा."

दाजींनी आत जाऊन बघितलं. पंखा बंद होता. खिडकी बंद होती. पुन्हा दार लावलं.

पुन्हा तेच. "कृपया शांतता राखा."

दाजींनी दाराला कान लावला.

आत कुणीतरी गुणगुणत होतं...

शब्द नव्हते. चित्र रंगवता रंगवता पोरं स्वतःशीच काहीतरी गुणगुणतात ना, तसं.

त्यांनी दार उघडलं. गुणगुणणं थांबलं. सोफ्यावर माइक, बाकी कुणी नाही. आणि हातातल्या मोबाइलवर त्याच क्षणी हिरवी खूण आली. मापं पूर्ण झाली होती.

शेजारच्या घरातलं असेल, असं म्हणून दाजींनी विषय झटकून टाकला. प्रत्येक स्पीकरच्या पाठीवर वॉरंटीचं स्टिकर चिकटवलं आणि नेहमीचं वाक्य टाकलं, "काही वाटलं तर बिनधास्त फोन करा. वॉरंटी आहे, बदलून देतो."

पंधरवडा झाला नसेल, तोच फोन आला. मागचा डावा स्पीकर खरखरतोय.

दाजी गेले, तर दारात वहिनी. ओळखूच येईनात. केस विंचरलेले, चेहऱ्यावर तुकतुकी. खोलीत त्या मागच्या डाव्या स्पीकरखाली जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि मधेच स्वतःशी हसत होत्या.

साहेबांचं तोंड मात्र एवढंसं झालं होतं. "बाकी सगळे उत्तम. हा एकटाच सारखा खरखरतो. टीव्ही बंद असला तरी. आणि ही त्याच्याशी बोलते, मिस्त्री. मला काही सुचत नाही."

दाजी शिडीवर चढले. स्पीकरला कान लावला.

"आई... इकडे बघ ना, आई!"

आणि खुदकन हसणं.

दाजींचा पाय सटकला. शिडी घट्ट धरली म्हणून वाचले.

"ऐकलीत खरखर?" साहेबांनी खालून विचारलं.

दाजींनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी ओठावर बोट ठेवलं होतं.

साहेब बिल शोधायला बाहेर गेले, तशा त्या धडपडत उठल्या आणि त्यांनी शिडीच धरली. "दादा, तुम्हाला येतंय ना ऐकू? खरं सांगा. यांना नाही येत. यांना नुसती खरखर येते."

दाजींनी होय म्हणून मान डोलावली.

"मग नेऊ नका हो तिला. खेळते ती. शेवटी शेवटी केवढं दुखायचं माझ्या बाळाला, पाणी पाजलं तरी ओरडायची... आता काही दुखत नाही तिला. हसते. मला तेवढंच पुरे. वॉरंटीत बसत नाही म्हणून सांगा यांना. ते मागचं स्टिकर फाडून टाका, दादा. तुमचं काय जातंय?"

खरंच काय जात होतं? स्टिकर फाटलं की वॉरंटी संपली, विषय संपला. दाजींनी स्पीकर उतरवला. स्टिकरच्या कडेखाली नखसुद्धा घातलं.

पण फाटक्या स्टिकरचा जाब कंपनी फिटरलाच विचारते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसऱ्याचं जळताना माणूस आधी आपली नोकरी बघतो. तेवढ्यात साहेब आत आले आणि दाजींनी हात मागे घेतला.

"वॉरंटीत आहे," दाजी म्हणाले. "बदलून देतो."

वहिनींनी दाजींकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर ते अजून विसरलेले नाहीत.

आता त्या कंपनीचा नियम असा, की जुना पीस कुणी बाजारात विकू नये म्हणून आधी त्याच्या पडद्याला ड्रिलने भोक पाडायचं. आवाज ज्यातून निघतो तो काळा पडदा. त्याचा फोटो पाठवायचा. मंजुरी आली की मगच नवा पीस बसवायचा.

"मी खाली गाडीपाशी जाऊन करतो," दाजी म्हणाले.

"नाही. इथंच करा," साहेब म्हणाले. "हिच्यासमोर. आत कुणी नाहीये, नुसतं यंत्र आहे, हे बघू दे तिला एकदाचं."

वहिनी रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. हात जोडून उभ्या राहिल्या, बस. साहेबांनी त्यांचे खांदे मागून घट्ट धरले होते.

दाजींनी स्पीकर स्टुलावर उताणा ठेवला. वायर काढलेली होती. विजेचा संबंध उरला नव्हता. ड्रिलचं टोक त्यांनी पडद्यावर टेकवलं.

आतून बारीक आवाज आला...

"काका, काय करताय?"

दाजी शपथ घेऊन सांगतात की बोट तोवर बटणावर दाबलं गेलं होतं.

जी किंकाळी आली, ती ड्रिलच्या आवाजाच्याही वर चढली. दाजींनी ड्रिल मागे ओढलं, पण बटणावरचं बोट सुटेना आणि टोक पडद्यात अडकून फिरतच राहिलं. फिरत राहिलं आणि ती ओरडत राहिली. "आई! आई गं!"

मग सगळं शांत झालं.

वहिनींच्या खांद्यांवरचे साहेबांचे हात गळून पडले होते. चेहरा पांढराफटक. इतके दिवस त्यांना नुसती खरखर ऐकू येत होती. लेकीचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो असा.

दाजींनी फोटो काढला. का काढला, त्यांनाही ठाऊक नाही. सवयीने हात चालत राहिले. मंजुरी आली. त्यांनी नवा पीस टांगला, वायर जोडली, बटण दाबलं.

"आई... दुखतंय."

नवाकोरा स्पीकर. खोक्यातून आत्ता काढलेला.

"आई, दुखतंय... खूप दुखतंय..."

दाजी जिन्यावरून कसे उतरले ते त्यांना आठवत नाही. ताप भरला. माझ्या बहिणीने खोदून खोदून विचारलं तेव्हा हे सगळं बाहेर पडलं. मी म्हटलं, दाजी, आता त्या घराचं नाव काढू नका.

पण साहेबांचा फोन आला.

दाजींना वाटलं, शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. साहेबांनी विचारलं, "मिस्त्री, त्या स्पीकरला बॅटरी लावून द्याल का? लाइट गेली तरी बंद पडायला नको."

"साहेब..." दाजी म्हणाले. "अहो, बंदच करून टाका ना तो."



"परवा लाइट गेली होती," साहेब म्हणाले. "जुना वायर काढली तरी बोलत होता, हा मात्र बंद पडला. ही डोकं आपटून घ्यायला लागली. म्हणते, आपण ऐकत नसलो तरी ती तिकडे रडत असणारच, आणि तिला वाटेल आई निघून गेली. तुम्हीच सांगा, कसं बंद करू? तुम्ही केलं असतं?"

दाजी बॅटरी घेऊन गेले.

खोलीत सोफा नव्हता. दोघं नवरा-बायको भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले. वर स्पीकर रडत होता, दमून दमून रडणारं पोर रडतं तसा. वहिनी घोगऱ्या आवाजात म्हणत होत्या, "उगी, उगी, मी आहे ना बाळा." त्या थकल्या की साहेब म्हणायचे. दोघांनी पाळी लावून घेतली होती. कुणीतरी सतत बोलत राहायचं, म्हणजे ती एकटी पडणार नाही.

दाजींनी हत्यारांची पिशवी घेऊन उंबरा ओलांडला.

रडणं थांबलं.

एकदम थांबलं. वहिनींनी मान वर केली. स्पीकर चालू असूनही कितीतरी दिवसांत त्या घरात पहिल्यांदा शांतता झाली असेल. त्यांच्या डोळ्यांत आशा आलेली दाजींनी स्वतः बघितली.

आणि मग वरून... श्वास रोखून, अगदी हळू...

"आई, ते काका परत आले."

दाजींनी पिशवी तिथंच टाकली आणि पळाले. बॅटरी शेवटी साहेबांनी स्वतः जोडली. स्पीकर चालू आहे. दोघं आलटून पालटून झोपतात.

आता मला एकच गोष्ट स्वस्थ बसू देत नाही. ती खरंच त्यांची लेक आहे, की तिच्या आवाजात दुसरंच काही त्या भिंतीवरून रडतंय? कुणाला माहीत? पण लेक नसेल ती, करा बंद, हे त्या बाईला जाऊन सांगायचं कुणी?