बंद लाईनवरची रांग

चावीवाल्यावर आळ आला तो पाणी चोरून विकल्याचा. उभा जन्म त्याने शहरातल्या वस्त्यांना पाणी सोडलं, चाव्या फिरवल्या, गळत्या शोधल्या, आणि निवृत्ती तोंडावर आली तेव्हा पाणीखात्याच्या साहेबांनी सरळच विचारलं, "जुन्या गल्लीची लाईन अजून कुणासाठी चालू ठेवलीय, काका? आज सांगा, नाहीतर उद्यापासून घरी बसा."

आता जुनी गल्ली होती कुठे? बुटक्या घरांची ती वस्ती पाडून तिथे काचेचा टॉवर उभा राहिला, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. चावीवाला स्वतः त्याच गल्लीतला. घरं पडली तेव्हा ती लाईन त्यानेच बंद केली आणि बायकोला घेऊन शहराबाहेरच्या नव्या इमारतीत राहायला गेला. पण मीटर काही ऐकेना. रोज दुपारी टॉवरच्या वाट्याचं पाणी कुठेतरी मुरत होतं, आणि बोट दाखवायला त्याच्याइतका सोयीचा माणूस दुसरा नव्हता.

भर दुपारी साहेब त्याला घेऊन टॉवरच्या तळघरात उतरले. वर रणरणतं ऊन, खाली थंडगार अंधार, उभ्या गाड्या आणि ओल्या मातीचा वास. सगळीकडे फरशी घातलेली. माती नावालाही नव्हती. चावीवाल्याने दोनदा नाक ओढून पाहिलं. मागून टॉवरचा वॉचमन येत होता.

"तुझं काय काम इथे?"

"तुमच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय."

'चोराच्या उलट्या बोंबा,' चावीवाला मनात म्हणाला. त्याचा खरा संशय ह्या वॉचमनवरच होता.

भिंतीतून जुन्या लाईनचं गंजकं तोंड बाहेर आलेलं होतं. गळती शोधायची रीत साधी. लोखंडी कांबेचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. पाणी वाहत असेल तर कांब सांगते. त्याने कान लावला.

पाणी वाहत होतं. बादलीत पडत होतं... आधी पोकळ, मग बादली भरत आल्यावर जड. आणि त्यामागे बायकांचा कलकलाट.

"माझा नंबर होता गं!"

"काल तूच मधे घुसलीस की..."

"अहो, जरा सरका. आमच्या ह्यांची यायची वेळ झाली."

हा शेवटचा आवाज त्याच्या बायकोचा होता. सकाळी त्याच आवाजाने त्याच्या हातात डबा देताना 'सांभाळून जा' म्हटलं होतं. त्याने वळून वॉचमनकडे पाहिलं. हा कुठे मोबाइलवर काही वाजवत तर नाही ना? वॉचमन दोन्ही हात मागे बांधून उभा होता. चावीवाल्याने घरी फोन लावला. नुसताच वाजत राहिला. दुपारची झोपली असेल, त्याने स्वतःला सांगितलं.

"काय ऐकू येतंय?" साहेबांनी विचारलं.

खरं सांगावं तर लाईन चालू, म्हणजे चोर तोच. खोटं सांगावं तर...

"काही नाही, साहेब. मेलेली आहे लाईन."

"मग सिमेंट भरायला तुमची हरकत नसेल."

"माझी कसली हरकत?"

गवंडी तयारीतच आला होता. चावीवाल्याची एक जुनी सवय होती: पाणी बंद करण्याआधी गल्लीत हाळी द्यायची, 'पाणी चाललंऽऽ, भरून घ्या!' इतक्या वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. आताही ओठ उघडले. पण साहेब त्याच्याकडेच बघत होते. मेलेल्या लाईनमध्ये हाळी देणारा माणूस म्हणजे गुन्हा कबूल करणाराच. त्याने हाळी गिळली. फार वाईट वाटलं त्याला, पण गिळली.

थापी फिरत राहिली. तोंड बुजत आलं तेव्हा न राहवून त्याने कांब पुन्हा टेकवली.

"पाणी गेलं का गं?" कुणीतरी विचारत होतं. "आणि असा अंधार कसा झाला...?"

मग काहीच नाही.

संध्याकाळपर्यंत हिशेब जुळला. पाणी मुरायचं थांबलं होतं. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माफ करा, काका. उगीच तुमच्यावर शंका घेतली."

जीव भांड्यात पडला. नोकरी वाचली, अब्रू वाचली. वाटभर तो स्वतःलाच समजावत राहिला की उन्हाने डोकं फिरलं होतं, बायकोला सांगितलं की ती पोट धरून हसेल.

दाराला कुलूप होतं. त्याने खडखडवून पाहिलं. आवाज ऐकून शेजारीण बाहेर आली.

"ताई नाहीत घरी. दुपारी बादली घेऊन गेल्या."

"बादली? घरात नळ असताना?"

"अहो, रोजच जातात!" शेजारीण त्याच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहू लागली. "मीही विचारलं होतं, एवढ्या लांब कशाला म्हणून. तर म्हणाल्या, जुन्या गल्लीत आमचे हे अजून पाणी सोडतात. रांगेत सगळ्या भेटतात, गप्पा होतात..."

ती जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकली.

"एरवी अंधाराच्या आत येतात. आज काय झालं कोण जाणे."