उम्म राशिदच्या गाडीवर

"अंडं नको, तिखट नको, सॉस नको... मग राहिलं काय? दोरा?"

पूर्वानं वळून पाहिलं. ओमानमधल्या सहमच्या किनाऱ्यावर, नूडल्सच्या गाडीपुढच्या रांगेत, आपल्या मागचा माणूस मराठीत पुटपुटेल अशी तिला कल्पना नव्हती. आणि अस्खलित अरबीत ऑर्डर देणाऱ्या मुलीला आपलं पुटपुटणं कळेल अशी त्यालाही नव्हती.

"हो, दोराच खाणार," ती म्हणाली. "तुमचा काय जातो?"

तो आधी ओशाळला. मग त्या 'तुमचा काय जातो'नं त्याला हसू फुटलं.

"माझं काही जात नाही. माफ करा, मला वाटलं तुम्ही इथल्याच आहात."

"इथलीच आहे. मस्कतला वादी कबीरमध्ये वाढले. आणि अंड्याची अ‍ॅलर्जी आहे मला. सगळ्या अंगावर रॅश येते."

"पित्त उठतं म्हणा."

"तेच ते."

गाडीवरच्या उम्म राशिदनं दोघांकडे एकदा पाहिलं आणि कढईत कोबी टाकला. पन्नाशीची ही बाई दुपार कलली की नवऱ्याच्या पिकअपला गाडी जोडून किनाऱ्यावर आणायची. कांदा, सिमला मिरची, कोंबडीचे बारीक तुकडे, वर सुक्या काळ्या लिंबाची पूड, आणि शेवटी तिखट चिप्सचा चुरा. सहममधली निम्मी तरुण पोरं संध्याकाळी तिथंच असायची. बाकडं मात्र एकच. त्यामुळे आपापला वाडगा घेऊन पूर्वा आणि तो त्याच्या दोन टोकांना बसले.

त्याचं नाव स्वरूप, लांज्याजवळच्या एका वाडीतला. शेतकीचा डिप्लोमा करून तो सहमच्या एका लिंबाच्या बागेवर पंप आणि ठिबक सांभाळायला आला होता. पूर्वा तिथल्या खाजगी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. श्यामला नावाच्या नर्सबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायची आणि सुट्टीला गाडी काढून मस्कतला आईबाबांकडे जायची. हे सगळं वाडगा संपायच्या आत बोलून झालं.

"खाऊन बघा वाईच," उठताना त्यानं आपल्याकडचा चिप्सचा चुरा पुढे केला. "यात अंडं नाही."

तिनं चिमूटभर घेतला. डोळ्यांत पाणी आलं. पण 'तिखट आहे' असं काही ती म्हणाली नाही.

ते २०१५चं वर्ष संपत आलं होतं. हवा सुखाची झाली होती, संध्याकाळी बाहेर बसता येत होतं. पुढच्या आठवड्यात पूर्वा पुन्हा गेली. तो होता. त्यानंतर तो असेल हे धरूनच ती जाऊ लागली, आणि श्यामलाला मात्र 'वॉकला जाते' असं सांगू लागली.

"वॉक करून कुणाच्या कपड्यांना कांद्याचा वास येत नाही," श्यामला हिंदीत म्हणाली. पूर्वानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मग ते इतर गाड्याही शोधू लागले. सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, मागे एक नेपाळी माणूस सोयासॉस ओतून काळ्याकुट्ट नूडल्स करायचा. त्या स्वरूपला फार आवडायच्या. सोहारच्या किनाऱ्यावर एक फिलिपिनो जोडपं तांदळाच्या केसासारख्या बारीक नूडल्स द्यायचं, वर लिंबू पिळून. त्या पूर्वाला आवडायच्या. ती काट्याला गुंडाळून नीट घास करायची; तो सरळ वाडगा तोंडाशी न्यायचा आणि सुर्रकन ओढायचा.

"आवाज नको ना करू... लोक बघतात."

"बघू दे. गावी कढी अशीच पितात."

"ही कढी आहे?"

"तुझ्या मराठीत नूडल्सना 'तो' म्हणतात, 'ती' म्हणतात, सगळं चालतं. मग माझी कढी का चालू नये?"

तिच्या मराठीला तो हसायचा. तिचे मित्र शाळेत इंग्रजीच बोलायचे, घरी आई रागावली तरच पूर्ण मराठी वाक्य तिच्या कानावर पडायचं. 'माझी पाय दुखतो' असं ती म्हणाली, की तो विचारायचा, "कुठली पाय?" पण तिनं त्याच्या अरबीच्या चुका काढल्या तर मुकाट्यानं दुरुस्त करून घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी बागेत अर्बाबसमोर, म्हणजे मालकासमोर, म्हणून बघायचा.

एक गोष्ट तिच्या उशिरा लक्षात आली. समुद्राकडून वारा आला की तिचे केस वाडग्यात यायचे, आणि बोलता बोलता स्वरूप उठून तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचा... वाऱ्याच्या बाजूला. त्याबद्दल तो कधी काही बोलला नव्हता. ज्या दिवशी हे तिला कळलं, त्या दिवशी तिनं आधीच थोडं सरकून त्याला जागा करून दिली.

जानेवारीत एका संध्याकाळी तो उशिरा आला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. उम्म राशिदनं न विचारता त्याचा वाडगा पुढे केला, तरी तो नुसता काटा फिरवत बसला.

"काय झालं?"

"विहीर खारी झाली. दुसरी पण. समुद्राचं पाणी आत शिरतंय, गेल्या वर्षापासून दिसत होतं. लिंबाची पानं टोकाकडून करपलीत. अर्बाब आज म्हणाला, खलास, बाग बंद." तो थांबला. "इब्राला त्याच्या भावाच्या खजुराच्या बागा आहेत. मला तिकडे पाठवतोय. पुढच्या महिन्यात."

इब्रा म्हणजे मस्कतच्याही पलीकडे, आत डोंगरात. पूर्वानं मनातल्या मनात रस्ता मोजला आणि तो फार निघाला.

"मग?"

"मग काय. काम चांगलं आहे, माणसं चांगली आहेत."

"आणि... बाकीचं?"

"बाकीचं काय?"

तिनं वाडगा बाकावर ठेवला. "तू मला काही विचारणार नाहीस?"

स्वरूप समुद्राकडे बघत राहिला. "काय विचारू, पूर्वा? तुझे बाबा तुझ्यासाठी पुण्यातला मुलगा बघतायत, तूच सांगितलंस. माझं घर कौलारू, आई एकटी, आणि नोकरी पाणी असेल तोवर. मी विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस, तर इथं येऊन बसणंही बंद झालं असतं. मला तेवढं राखायचं होतं."

"आणि आता ते राहणार आहे?"

"नाही," तो म्हणाला.

मागे उम्म राशिदची कढई चरचरत होती. पूर्वाला राग आला होता, त्याचा आणि आपलाही. इंग्रजीत सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं, पण त्याला ते परकं वाटलं असतं.

"मला तू आवडते," ती म्हणाली.

त्यानं मान वळवली. त्याचे कान लाल झाले होते. "...आवडतोस."

"तेच."

"नाही, 'तू आवडतोस' असं म्हणायचं असतं, मी पुरुष—"

"स्वरूप, मला कळलं. तुला कळलं का?"

"कळलं," तो म्हणाला. त्यानं काटा वाडग्यात ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, "मला पण. पहिल्या दिवसापासून. 'तुमचा काय जातो' म्हणालीस तेव्हापासून."

"मग शुक्रवारी मस्कतला ये. फेस्टिवल चालू आहे. आईबाबांना घेऊन मी आमरातच्या बागेत येणार आहे. खाऊच्या स्टॉलवर. बाबांसमोर बस आणि बोल."

"इतक्या लवकर?"

"बाग बंद व्हायला वेळ लागला का?"

शुक्रवारी तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून. आमरातच्या बागेत दिवे लागले होते, पाळण्यांचा आवाज होता, निखाऱ्यांवर सळईत ओवलेले मांसाचे मिश्काक भाजत होते. पूर्वानं आईला घरीच सांगून ठेवलं होतं. बाबांना नाही. तिचे बाबा, बाळकृष्णराव, वादी कबीरच्या एका वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं स्टोअरकीपर होते. समोरचा माल हातात घेऊन उलटासुलटा बघितल्याशिवाय घ्यायचा नाही, ही त्यांची सवय माणसांच्या बाबतीतही होती.

एका थाई बाईच्या स्टॉलवरून पूर्वानं चौघांसाठी नूडल्स आणल्या. बाळकृष्णराव बाहेरचं खात नसत. त्यांनी प्लेट थोडी दूर सारली, स्वरूपचा नमस्कार घेतला, मुलीकडे एकदा पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं.

"गाव?"

"लांजा, काका."

"काम?"

स्वरूपनं सांगितलं. खाऱ्या विहिरी, बंद झालेली बाग, इब्रा. काही लपवलं नाही.

"म्हणजे सहमला पाणी संपलं म्हणून इब्रा. आणि इब्राचं संपलं तर?"

"तर गावी जाईन. तिथं पाणी आहे, बाकी फार काही नाही."

"आमची पूर्वा राहील तिथं?"

"ते तिला विचारावं लागेल, काका. तिच्या वतीनं मी कसं सांगू?"

पूर्वाच्या आईनं, सुगंधाबाईंनी, नवऱ्याकडे पाहिलं. हे उत्तर त्यांना आवडलं होतं.

"काय गं?" बाळकृष्णराव मुलीकडे वळले.

पूर्वानं शब्द जुळवले. "बाबा, मी कुठंही काम करू शकते. पाठ सगळीकडे दुखते लोकांची. इब्रात पण, लांज्यात पण. पण पुण्याच्या त्या मुलाबरोबर मी... मी नुसती राहीन. ह्याच्याबरोबर मी बोलते. आई, तूच म्हणतेस ना, हल्ली पूर्वा मराठी बोलते? ती ह्याच्याशी बोलून बोलते."

काही तरी करायला हवं म्हणून बाळकृष्णरावांनी समोरची प्लेट ओढली, एक घास घेतला, चावला, दुसरा घेतला. पूर्वानं टेबलाखाली स्वरूपचा हात धरला.

"यात मीठ कमी आहे," अखेर बाळकृष्णराव म्हणाले. त्यांनी प्लेट मात्र खाली ठेवली नाही. "तुझ्या आईचा फोन नंबर दे मला. उद्या सकाळी बोलतो त्यांच्याशी. सकाळी असतात ना घरी?"

"असते," स्वरूप म्हणाला. मग खिशातून फोन काढत त्यानं पुन्हा सांगितलं, "असते, काका."