न थांबलेलं हँडल

त्या सकाळी कॅमेरावाला मुलीला घेऊन स्टुडिओत गेला, ते केवळ अडचण म्हणून. जादूच्या चित्रपटात गायब व्हायला जी पोर ठरली होती तिला गोवर निघाला होता, आणि मालकांना शूटिंग एक दिवसही पुढे ढकलायचं नव्हतं.

"तुझी बिट्टी आण," मालक म्हणाले. "तिला करायचंय काय, नुसतं उभं तर राहायचंय."

बिट्टी सहा वर्षांची होती आणि नुसतं उभं राहणं सोडून जगातलं सगळं तिला जमत होतं. पण बाबांबरोबर कामावर जायचंय म्हटल्यावर तिने आईकडून दोनदा वेणी घालून घेतली आणि वाटभर तोंडाचा पट्टा चालू ठेवला.

तो चित्रपटांच्या बाळपणाचा काळ. चित्रं बोलत नव्हती, नुसती हलत होती, आणि तेवढ्याचंच लोकांना केवढं अप्रूप. कॅमेऱ्याला मोटार नव्हती. बाजूला एक हँडल असे, ते हाताने फिरवायचं. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चित्रं. हात मंदावला तर पडद्यावरची माणसं धावत सुटत, हात घाईला आला तर ती पाण्यातून चालल्यासारखी चालत. आपल्या कॅमेरावाल्याचा हात असा काही बसला होता की स्टुडिओत त्याला 'घड्याळ' म्हणत. झोपेतसुद्धा ह्यांचा उजवा हात फिरत असतो, असं त्याची बायको शेजारणींना सांगायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

स्टुडिओ म्हणजे काचेच्या छपराची एक लांबलचक खोली. उन्हावरच सगळं काम चाले. मधोमध दार काढून टाकलेलं एक उभं कपाट ठेवलं होतं, आतून गडद काळं रंगवलेलं. बिट्टीने पांढरा झगा घालून त्यात उभं राहायचं. जादूगार झालेला नट काठी उगारील. मग मालक "थांबा" म्हणतील, कॅमेरावाला हँडल थांबवील, नट आहे तसाच दगडासारखा उभा राहील आणि बिट्टी कपाटातून उतरून बाबांशेजारी येईल. "चालू" म्हटलं की हँडल पुन्हा सुरू. मधला वेळ फिल्मवर येतच नाही, त्यामुळे बघणाऱ्याला वाटावं पोरगी डोळ्यांदेखत नाहीशी झाली. एवढीच ती जादू, आणि एवढ्यावर गावंच्या गावं खुळी झाली होती.

"एक, दोन, एक, दोन," मनात म्हणत कॅमेरावाला हँडल फिरवू लागला. कॅमेऱ्याच्या काचेतून बिट्टी दिसत होती. हनुवटी वर, हात सरळ, हसू दाबून धरलेलं. ही एवढी मोठी कधी झाली, असं त्याच्या मनात आलं. नटाने काठी उगारली. मालक "थांबा" म्हणाले. नट थांबला, मालक थांबले, कोपऱ्यातल्या सुताराने उगारलेली हातोडीसुद्धा खाली आणली नाही.

फक्त कॅमेरावाल्याचा हात थांबला नाही.

बिट्टी उतरून चार पावलं चालून त्याच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. "चालू," मालक म्हणाले, आणि चालूच असलेला हात चालूच राहिला. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. 'घड्याळा'ने असा घोळ घालावा? पण तो गप्प बसला, कारण इलाज सोपा होता. बिट्टी उतरते, चालते, तेवढा तुकडा कात्रीने कापायचा आणि दोन टोकं चिकटवायची. कोणाला पत्ताही लागला नसता.

म्हणून फिल्म धुवायला तो एकटाच अंधाऱ्या खोलीत गेला. तिथे एक लाल दिवा असे, आणि औषधांचा तो आंबूस, घशाला चिकटणारा वास. लाकडी चौकटीवर गुंडाळलेली पट्टी हौदातून वर काढून त्याने दिव्यासमोर धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. पांढरट कपाटात काळ्या झग्यातली बिट्टी उभी होती. एक चित्र, दुसरं, तिसरं. नटाची काठी वर गेली.

पुढच्या चित्रात कपाट रिकामं होतं.

त्याने भिंग घेतलं. मागे गेला, पुढे आला. या चित्रात ती आहे, या चित्रात ती नाही. मधे उतरणं नाही, चालणं नाही, जमिनीवर पाऊलसुद्धा नाही. आपला हात थांबला असेल, भास झाला असेल, असं म्हणून त्याने स्वतःची समजूत घालून पाहिली. पण नट दगडासारखा उभा असतानाची, रिकाम्या कपाटाची चित्रं त्याने मोजली, तर ती शहाण्णव भरली. शहाण्णव चित्रं म्हणजे सहा सेकंद. त्या सहा सेकंदांत काचेच्या छपरावरून गेलेल्या ढगाची सावली जमिनीवरून हळूहळू सरकत होती. उगारलेली काठी धरून नटाचा हात अवघडला होता, थरथरत होता. कॅमेरा चालूच होता.

कॅमेरावाला तिथेच स्टुलावर बसला. मग आपल्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली ती कोण?

बाहेर बिट्टी सुताराच्या भुशात पाय घालून बसली होती. "झालं बाबा?" तिने विचारलं. तिचा हात धरून घरी जाताना, कधी नव्हे ते, तो हात आपल्या हातात किती वेळ ठेवावा हे त्याला कळेना.

पुढचे आठ दिवस त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बिट्टी जेवायची, भांडायची, आईच्या पदराला तोंड पुसायची. पण एकदा संशय शिरला की तो घरभर हातपाय पसरतो. ती हसली तर ती जास्तच हसतेय असं वाटे, गप्प बसली तर छातीत धस्स होई. झोपेत तिचा श्वास चालू आहे ना, म्हणून तो तिच्या नाकाशी बोट धरून बसे.

शेवटी त्याने बायकोला विचारलं, "तुला आपली बिट्टी... बदललेली वाटते का?"

"दात पडलाय तिचा. आणखी काय बदलायचंय?"

"तसं नाही गं. ही... हीच आहे ना आपली?"

बायकोने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. "मी जन्म दिलाय तिला. मला नाही कळणार? त्या काचेतून बघून बघून तुमचे डोळे बिघडलेत. चार दिवस रजा काढा."

तिचं बोलणं त्याला पटायला हवं होतं. इतर कोणाही नवऱ्याला पटलं असतं. पण याची अर्धी हयात फिल्म धुण्यात गेली होती. माणूस विसरतो, डोळा फसतो, फिल्मवर पडलं ते पडलं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. लोकांना फसवणारी चित्रं रोज स्वतःच्या हाताने बनवणाऱ्या माणसाने बायकोच्या शब्दापेक्षा त्या पट्टीवर विश्वास ठेवला. आपली खरी बिट्टी त्या दोन चित्रांच्या मधे अडकली आहे, आणि ज्या वाटेने गेली त्याच वाटेने तिला परत आणायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, तो बिट्टीला घेऊन स्टुडिओत गेला. आत चिटपाखरू नव्हतं. ऊन काचेतून सरळ खाली उतरलं होतं आणि नव्या रंगाचा वास दाटला होता. कपाट जागच्या जागी होतं. एवढ्या उजेडात फक्त त्याच्या आत उजेड जात नव्हता.

"बाबा, मला त्यात नको," बिट्टी दारातच थांबली.

"का गं?"

"आत ती आहे."

"कोण?"

"माझ्यासारखी. त्या दिवशी माझ्या मागे उभी होती. माझ्या मानेवर फुंकर घालत होती."

त्याला हवा होता तो पुरावा पोरीने आपण होऊन दिला, असं त्याला वाटलं. तो खाली बसला आणि तिचे दोन्ही खांदे धरले. "फक्त एकदा. मी हँडल फिरवीन, तू उभी राहा आणि थांबा म्हटलं की उतरून ये. मग आपण घरी जाऊ."

बिट्टी हळूच म्हणाली, "मी आत गेले की ती बाहेर येईल, बाबा. मग मी कुठे जाऊ?"

त्या क्षणी त्याचं काळीज हललं. त्याने तिला उचलून घरी न्यायला हवं होतं, आणि न्यावंसं वाटलंही. पण ही पोर जर ती दुसरी असेल, तर ती असंच बोलणार नाही का? त्याने मन घट्ट केलं. तिला तो पांढरा झगा चढवला आणि उचलून कपाटात उभं केलं. ती रडली नाही. फक्त त्याच्या सदऱ्याची बाही तिच्या मुठीतून सोडवायला त्याला जरा जोर लावावा लागला.

"एक, दोन, एक, दोन." हँडलचा आवाज रिकाम्या खोलीत घुमू लागला. "थांबा," तो स्वतःच म्हणाला, आणि हात फिरवत राहिला.

पांढरा झगा कपाटातून उतरला. चार पावलं चालून ती त्याच्याजवळ आली आणि हसली. "आले की, बाबा," ती म्हणाली. तिचा हात ऊबदार होता. कॅमेरावाल्याचा जीव भांड्यात पडला. घरी जाताना तिने वाटेत एकही प्रश्न विचारला नाही, तेव्हा दमली असेल, असं त्याला वाटलं.

बायकोने दार उघडलं. नेहमीसारखी पोरीचे बूट काढायला वाकली. बुटाचा बंद सोडता सोडता तिने मान वर केली, पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिचे हात तिथेच थांबले. ती उठून दोन पावलं मागे सरली.

"आपली पोर कुठे आहे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"अगं, ही काय..."

"आपली पोर कुठे आहे?"

"आई, मीच की," ती मुलगी म्हणाली, आणि दुसरा बूट तिने स्वतःच काढला.

त्यानंतर काय काय झालं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. दोघं तिला घेऊन तसेच स्टुडिओकडे पळत गेले. कपाट रिकामं होतं. आई त्याच्या आत शिरली, फळ्यांवर थापा मारून मारून तिने तळहात सोलून घेतले. पोरीला आत उभं करायला गेले तर तिने शांतपणे मान हलवली. "मला नको. माझं झालं," एवढंच म्हणाली. ऊन कलेपर्यंत त्याने हँडल फिरवलं आणि तो 'बिट्टी, ये, बिट्टी, ये' असं त्या काळ्या कपाटाला म्हणत राहिला.

मग त्याने दुपारची पट्टी धुतली. लाल दिव्यापाशी नवरा-बायको खांद्याला खांदा लावून उभे होते. या वेळी उतरणं होतं, चालणं होतं, चारही पावलं होती. एक मुलगी कपाटातून उतरून कॅमेऱ्याकडे येत होती. आणि तिच्या मागे, कपाटात, आणखी एक मुलगी तशीच उभी होती, मघाशी बाहीवरून सोडवलेली मूठ पुढे धरून. रीळ संपेपर्यंत ती उभी होती.

याला आता बरीच वर्षं झाली. कपाट दुसऱ्याच दिवशी मोडलं गेलं, नव्या चित्रपटाला लाकूड हवं होतं म्हणून. ती मुलगी घरातच वाढली. टाकायची तरी कुठे? शाळेत हुशार निघाली, कोणाला उलटून बोलली नाही. आई तिला वेळेवर वाढते, पण तिच्या केसांना हात लावत नाही.

कॅमेरावाल्याने काम सोडलं नाही. लोकांना वाटलं कामाचं वेड लागलंय याला. त्यांना कारण माहीत नव्हतं. पुढच्याच चित्रपटात बाजाराची दृश्यं होती, तर फिल्म जोडणाऱ्या बाईंनी त्याला बोलावून विचारलं, "अहो, ही कोपऱ्यातली पांढऱ्या झग्याची मुलगी कोणाची? दर दृश्यात एकटीच उभी असते." त्याने भिंग घेतलं आणि बाईंसमोरच रडला. तेव्हापासून तो जे जे टिपतो, लढाई असो, लग्न असो, नुसता रिकामा रस्ता असो, त्यात ती कुठेतरी असते. सहा वर्षांची, आहे तशी. हँडल फिरवताना समोर कोणी दिसत नाही, धुतल्यावर दिसते. म्हणून तो तापातसुद्धा कामावर जातो, आणि बायको चित्रपटगृहात पहिल्या रांगेत बसून एकच चित्रपट दहा-दहा वेळा बघते.

तेवढ्यावर दोघांनी जगायला शिकून घेतलं होतं. पण परवाचं रीळ धुतल्यापासून कॅमेरावाल्याने बायकोला ते दाखवलेलं नाही. नदीकाठचं साधं दृश्य आहे. बिट्टी डाव्या कडेला उभी आहे, आणि या वेळी ती एकटी नाही. कोणीतरी तिचा हात धरला आहे. मनगटापर्यंतचा हात तेवढा चित्राच्या कडेतून आत आला आहे, आणि बिट्टी मान वर करून त्या माणसाकडे बघते आहे. जेवढी वर तिने मान केली आहे, तेवढं उंच माणूस असत नाही.