शेवटची जाळी हवा ओढते

खड्... खड्... खड्...

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण थरथरलं. घरात तेवढाच काय तो आवाज.

रुचिका कितीतरी वेळ थोपटल्यावर आत्ता कुठे झोपली होती. ममता पाय न वाजवता ओट्याशी गेली, गॅस बारीक केला, झाकण अलगद उचललं...

आणि फोन थरथरला.

माय.

भिकुबाई कामाच्या वेळी लेकीला कधीच फोन करत नसे.

इथून पुढे जे झालं ते जसं झालं तसंच सांगते आहे. ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नव्हती, ओसाड रस्ता नव्हता. फेब्रुवारीतली टळटळीत दुपार होती, आणि नंदुरबार शहराबाहेर मिरची वाळत घालतात त्या पथारीवरचा एक पत्र्याचा हॉल. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल हसावं. ममता आजही त्याच हॉलच्या छपरावर चढते.

"ममता, तुन्हा पंखा हवा देस ना?" भिकुबाई हळू आवाजात म्हणाली.

"देस ना, माय. काबर?"

"मंग आठे ओढी कसाले ऱ्हायना?"

ममताच्या हातातलं झाकण तसंच राहिलं.

पंखा ममताचाच होता, म्हणजे तिने बसवलेला. आयटीआय करून ती नवऱ्याबरोबर हेच काम करते. हेमकांत पत्रा कापून डक्ट बनवतो. मोटर, पट्टा, बेअरिंग ममताकडे. त्या आठवड्यात हेमकांत शहाद्याच्या कामावर होता. म्हणून तिने गॅस बंद केला, झोपलेली रुचिका उचलून शेजारच्या पार्वतीबाईंकडे दिली, हत्यारांची पिशवी खांद्याला मारली आणि स्कूटी काढली.

वाटेत ती स्वतःशी हिशोब लावत होती. हवा ओढते म्हणजे काय? छपरावरचा पंखा वरची स्वच्छ हवा घेतो आणि पत्र्याच्या डक्टमधून खाली ढकलतो. हॉलच्या छताला ओळीने जाळ्या आहेत, त्यातून ती बायकांच्या डोक्यावर उतरते, आणि मिरचीची धूळ समोरच्या खिडक्यांतून बाहेर जाते. पंखा चालू आहे की नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून ममताने प्रत्येक जाळीला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधली होती. पट्टी खाली फडफडली, म्हणजे हवा आहे.

पट्टी वर ओढली जाईल कशी?

फाटकातून आत शिरली आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते लगेच कळेना.

मग कळलं...

ठसका नव्हता.

मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांचा ठसका कधी थांबत नाही. एकीचा संपला की दुसरीचा सुरू. आज सगळ्या बायका बाहेर उन्हात उभ्या होत्या. आत लाल ढिगांमध्ये भिकुबाई एकटीच बसली होती. कित्येक वर्षं त्या धुळीत खोकून खोकून छातीचं खोकं झालेली तिची आई.

ती खोकत नव्हती.

"आली का ताई?" भंवरलाल शेठ घाम पुसत पुढे आला. मिरचीचा व्यापारी, हॉल त्याचा. "बंद कर ते आधी. लेबर आत बसायला तयार नाही. माल तसाच पडलाय."

"बघून सांगते, शेठ."

"बघायचं काय त्यात? मी सकाळीच लिंबू-मिरची बांधली तुझ्या पंख्याला. काही फरक नाही."

ममताने हॉलभर पसरलेल्या ढिगांवर नजर फिरवली. "शेठ, एवढ्या मिरचीला जे घाबरलं नाही, ते तुमच्या दोऱ्यातल्या सात मिरच्यांना घाबरेल होय?"

बायकांमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. पण उंबऱ्याच्या आत पाय कोणी टाकला नाही.

ममताने वर पाहिलं. सगळ्या पट्ट्या खाली फडफडत होत्या.

शेवटची सोडून.

कोपऱ्यातली, आईच्या डोक्यावरची. ती पट्टी जाळीला चिकटली होती. तिचं टोक जाळीच्या भोकातून आत गेलं होतं, कोणीतरी चिमटीत धरून ओढावं तसं. मग ते सैल पडलं... आणि पुन्हा आत गेलं.

आता माय बसते ती जागा आधी धनुबाईची होती.

धनुबाई धडगावकडची. आदल्या हंगामात कामाला आली होती आणि भिकुबाईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची. दोघींची भाषा वेगळी, पण तंबाखूची डबी एकच. तेव्हा पंखा नव्हता. एका दिवशी जोराचं वारं सुटलं आणि माल उडू नये म्हणून शटर खाली ओढलं. धनुबाईला ठसका लागला. लागला तो थांबेना. शटर वर करेपर्यंत तिचं डोकं भिकुबाईच्या मांडीवर पडलं होतं.

"तिनी श्वास लिधा, ममता," भिकुबाई त्या दिवशी घरी येऊन पुन्हा पुन्हा म्हणत होती. "लिधा... पन सोडाच नही."

घेतलेला श्वास तिने सोडलाच नव्हता.

भिकुबाईला घरी बस म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. ती ऐकणाऱ्यातली नाही. मग ममता भंवरलालच्या दुकानात जाऊन भर गिऱ्हाइकांत उभी राहिली. "शेठ, छपरावर पंखा बसवा. नाहीतर उद्यापासून माझी माय येणार नाही, आणि तिच्यामागून एकही बाई येणार नाही." शेठ चिडला, पण पंखा बसला. ममताने हा पंखा असा भांडून आणला होता. आईच्या छातीसाठी.

आणि आज तोच पंखा आईच्या डोक्यावरून हवा ओढत होता.

"मी वर जाते," ती म्हणाली.

वर जाण्याआधी तिने मेन स्विच पाडला, फ्यूज काढला आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधला. ही तिची नेहमीची रीत. छपरावर हात पंख्यात असताना खालून कोणी चुकून चालू करायला नको.

पत्रा भाजत होता. लांबवर लाल मिरचीची रानं पसरली होती, वर एक घार. वारं नाव घ्यायला नव्हतं.

तिने एकेक गोष्ट बघितली. पंखा सरळ फिरत होता का? मोटरवरचा बाण आणि झिजेच्या खुणा, सगळं बरोबर. फिल्टर स्वच्छ, तिने मागच्याच आठवड्यात धुतला होता. डक्टचे जोड एकेक दाबून पाहिले. कुठे फट नाही. मग शंकाच नको म्हणून तिने पट्टाच उतरवला. आता मोटर वेगळी, पंखा वेगळा.

तिने आईला फोन लावला. "माय, पट्ट्या देख."

"पडन्यात सगळ्या."

ममताने श्वास सोडला.

"...एक सोडीसन."

फ्यूज ओढणीत होता. पट्टा हातात होता. पंख्याचं चाक तिच्या डोळ्यांसमोर गप्प उभं होतं.

तिने ओढणीची घडी कानावर धरली आणि तापलेल्या डक्टला कान लावला.

आधी काहीच नाही...

मग... हंऽऽऽऽ...

आत कोणीतरी श्वास घेत होतं. लांब, खोल, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा.

थांबला.

ममता वाट पाहत राहिली. घेतलेला श्वास सुटायला हवा ना?

सुटला नाही.

पुन्हा... हंऽऽऽऽ...

ती पत्र्यावर खाली बसली, हाताला चटका बसला तरी तो उचलायचं भान नव्हतं. रुचिका डोळ्यांसमोर आली. उतरावं, घरी जावं, पोरीला पोटाशी घ्यावं आणि पुन्हा इकडे फिरकू नये.

मग खालून शेठचा आवाज आला. "ताई, उतर! मी पत्रा मागवलाय. वरून ठोकतो, खालूनपण ठोकतो. विषय संपला!"

आणि ममताच्या भीतीच्या जागी राग आला.

ती उतरली. "पत्रा ठोकल्यावर या बायका कसली हवा घेतील, शेठ?"

"पहिलेपण बसायच्याच ना?"

"पहिले धनुबाईपण बसायची."

शेठने मान खाली घातली. वाईट माणूस नव्हता तो. तोही घाबरला होता.

बायकांमधून नानीबाई पुढे आली. धनुबाईच्याच गावची, फार न बोलणारी. "एकदा तिच्यावर शटर ओढलं," ती म्हणाली. "आता पत्रा ठोकणार काय?"

"तू आत जाशील का मग?" शेठने विचारलं.

नानीबाईने उंबऱ्याकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला.

"मी बससू," आतून भिकुबाई म्हणाली. ती जागची हललीच नव्हती. देठ खुडत होती. "बठेलच शे ना मी."

ममताने रिकामा ड्रम ओढला, शेवटच्या जाळीखाली उभा केला आणि त्यावर चढली. तोंड जाळीजवळ नेलं. कपाळावरचे केस आपोआप वर उठले आणि जाळीकडे ओढले गेले. आत अंधार होता. आणि थंडी. पत्रा बाहेरून एवढा तापलेला, आत मात्र थंडगार.

मग ती आत बोलू लागली.

"धनुबाई, हवा पाहिजे ना तुला? घे. पाहिजे तेवढी घे. तुझ्या वाटची होतीच ती, तुला कोणी दिली नाही. मी वरून आणखी आणते. पण या बायकांच्या नाकापुढची ओढायची नाही. अन् माझ्या मायच्या वाटेला जायचं नाही. ऐकतेस ना? हा पंखा बंद होणार नाही. तुला भिऊन नाही, अन् शेठने सांगितलं म्हणूनही नाही."

केस अजून ओढलेलेच होते.

"माझीपण पोरगी आहे घरी," ती हळूच म्हणाली. "मला आत्ता तिच्याजवळ असायला पाहिजे होतं. तरी मी इथे आहे. एवढं तरी मान."

केस कपाळावर पडले.

ममता उतरली ती सरळ शिडीकडे गेली. पिशवीतून पंख्याकडची लहान पुली काढली. पुली लहान झाली की पंख्याचा वेग वाढतो. पुली बदलली, पट्टा चढवून ताणला, बेअरिंगला ग्रीस दिलं. लिंबू-मिरची सोडून खिशात टाकली. खाली येऊन फ्यूज लावला, स्विच वर केला आणि मोटर किती करंट घेते ते मापलं. झेपत होतं.

पंखा घोंघावला. पूर्वी कधी नव्हता एवढा.

पट्ट्या ताठ झाल्या. एक, दुसरी, तिसरी...

शेवटची नुसती लोंबत राहिली. सगळे श्वास रोखून बघत होते.

मग ती हलली.

खाली. बाहेर. इतर पट्ट्यांसारखी फडफडली.

भिकुबाईने तोंड वर केलं, डोळे मिटले आणि त्या हवेत एक मोठा... खूप मोठा श्वास घेतला.

नानीबाई आधी आत आली. तिच्यामागून एकेक करत सगळ्या. थोड्या वेळाने कोणीतरी खोकलं. ममताला तो ठसका इतका गोड वाटला की हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय ताई, मिरची लागली का?" शेठ म्हणाला. पत्र्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

पंखा चालू आहे. बायका बसतात. ममता दर महिन्याला वर जाते, फिल्टर धुते, पट्टा ताणते, आणि मुद्दाम डक्टला कान लावते. आत फक्त वारा असतो. धनुबाई तिथे नाही. शेठच्या ओळखीच्या दुसऱ्या व्यापाऱ्यानेही हॉलला पंखा बसवून घेतला. ममता म्हणते, पुन्हा तसं झालं तरी मी पुन्हा चढेन.

फक्त...

त्या दिवसापासून भिकुबाई खोकली नाही. एकदाही नाही.

ममताने डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छाती तपासली, फोटो काढला. "छान आहे की," म्हणाले. "या वयात एवढी साफ छाती?" ममताने पेढे वाटायला हवे होते.

पण भिकुबाई आता बशीतल्या चहावर फुंकर मारत नाही. वाफाळता चहा तसाच पिते. रुचिकाने फुगा दिला तर हातात धरून बघत बसते आणि ममताकडे देते. तिने शेवटचा सुस्कारा कधी टाकला, ते ममताला आठवत नाही.

विचारलं तर हसते. "माले बरं वाटस, बेटा. भलतं बरं वाटस."

परवा रविवारी भिकुबाई लेकीकडे आली होती. जेवणं झाली, दुपार कलली. भिकुबाई सतरंजीवर आडवी झाली, तिच्या कुशीत रुचिका. ममता शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मम्मी, इकडे ये ना."

"झोप गं बाळा. आजी उठेल."

"तू हात लाव."

रुचिकाने आपला इवलासा तळहात आजीच्या नाकाखाली धरला होता. किती वेळ धरला होता कोण जाणे. कपाळाला आठ्या घालून, अगदी मन लावून.

ममताने घडी खाली ठेवली. पण तिचा हात पुढे होईना.

"आत जाते," रुचिका कुजबुजली. "आता पण आत गेली. आता पण..."

तिने मान वळवून आईकडे पाहिलं.

"मम्मी, मग आजीची हवा बाहेर कधी येते?"