मेस्त्रींचा कान

देशातल्या प्रत्येक अग्निबाणाला आता यशवंत मेस्त्रींचा कान होता.

अग्निबाणातलं घन इंधन रबरासारखं असतं आणि पोलादी नळकांड्याला आतून चिकटवलेलं असतं. कुठे ते सुटलं, तर ज्वाळा त्या फटीत शिरते आणि अग्निबाण फुटतो. केसाहून बारीक फट क्ष-किरणांनाही दिसत नाही. मेस्त्री मात्र तांब्याच्या नाण्याने नळकांडं ठोकत आणि कुठे बद्द वाजतं, कुठे किणकिण बिघडते ते सांगत. त्यांच्या निवृत्तीच्या वेळी ही पारख यंत्रात उतरवण्यात आली. तिला श्रवणछाप म्हणत. त्यानंतर ठोकायला कोणालाच शिकवलं नाही.

मग अठरावा अग्निबाण फुटला. अंतराळस्थानकातल्या चौघांना आणायला निघालेलं रिकामं यान त्यावरच होतं. आता एकच अग्निबाण शिल्लक होता, आणि वर चाळीस दिवसांची हवा.

उड्डाणाची जबाबदारी असलेल्या डॉ. रेवती पाध्ये मेस्त्रींच्या अंगणात आल्या. फुटलेल्या अग्निबाणाच्या चाचणीचा आवाज त्यांनी ऐकवला.

"स्वच्छ आहे," मेस्त्री म्हणाले.

"यंत्रही तेच म्हणालं होतं. पण शेवटी बारीक किणकिण आहे. माझ्या लहान मुलीला ऐकू येते."

"कसली किणकिण?" मेस्त्रींनी जास्वंदीवरच्या शिंजिराकडे बोट केलं. "हल्ली पाखरंसुद्धा मुकी झालीत, मॅडम. मी नोकरीत होतो तेव्हापासून बघतोय, नुसती चोच उघडतात."

रेवतीबाईंनी पाखराकडे पाहिलं. शिंजीर एकसारखा ओरडत होता.

मेस्त्रींनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाखराकडे.

"छाप घेताना तपासलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"तपासलं होतं. तुमच्याच उत्तरांशी ताडून."

"मग ज्यांना ऐकू येतं त्यांना ठोकायला लावा."

"किणकिण चांगल्या नळकांड्यातही असते, मेस्त्री. त्यातली वाईट कोणती, ते कोणालाच कळत नाही. शिकायला किती दिवस लागतील?"

"मला बारा वर्षं लागली."

तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कारखान्यात नेण्यात आलं. शेवटचं नळकांडं त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकलं. दोन तास लागले.

"स्वच्छ," ते म्हणाले.

"यंत्रही स्वच्छच म्हणतंय. निदान दोघांचं मत जुळलं."

"दोघं कुठले, मॅडम? एकच बहिरा आहे तो."

रेवतीबाईंनी उड्डाणाच्या कागदावर सही केली आणि 'पारख करणारा' असं लिहिलेल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून पेन मेस्त्रींपुढे धरलं.